माळवदावरची माती

आपल्या वार्षिकांकात दर वर्षी खेड्यावरचे दोन-तीन लेख हमखास असतात. त्यांत पहाटेचा कोंबडा असतो, ओसरीवरची आजी असते, चुलीवरची भाकरी असते आणि शेवटी 'खेड्याकडे चला' या हाकेचे स्मरण असते. अशा लेखांची चेष्टा करण्याचा मला अधिकार नाही. कारण दोन वर्षांपूर्वी, प्रथम वर्षात असताना, असाच एक लेख मीही लिहिला होता. आमच्या गावाकडच्या माळवदाच्या घराचे त्यात इतके गोडवे गायले होते, की वर्गातल्या मैत्रिणी 'आम्हांला एकदा ने ना' म्हणून मागे लागल्या होत्या. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याच घराची दुरुस्ती आम्ही काढली. अडीच महिने मी त्या कामावर होते. आता तो जुना लेख वाचला की थोडी लाज वाटते. त्यात खोटे असे काही नव्हते. पण महत्त्वाचे तेवढे नेमके लिहायचे राहिले होते. ते आज लिहावे म्हणते.

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. घर पणजोबांच्या वेळचे. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दगड आणि माती यांच्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती. आत सागवानी आणि बाभळीच्या खांबांवर तुळया. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचांचा थर, त्यावर लिंबाचा आणि निरगुडीचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही माती खारवट असते. ओली झाली की ती फुगून घट्ट बसते आणि पाणी खाली सोडत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवी माती टाकायची, तुडवून बसवायची आणि पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार द्यायचा, ही आमच्याकडची वर्षाची रीतच होती. मधोमध उजेडासाठी आणि धुरासाठी सवणे. भिंतींत देवळ्या, धान्याला बळद. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश तापमान असले तरी माजघरात पाऊल टाकताच अंगावर गारवा येतो. हे सगळे मी त्या लेखात लिहिले होते.

तो अंक घेऊन मी दिवाळीत गावी गेले आणि आजीला लेख वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला. मग म्हणाली, "लई ग्वाड लिवलंस माय. पर आत निजशील का तू?"

मला प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आले की मी कधीच आत निजलेले नाही. गावी गेलो की आम्ही सगळे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये निजतो. उकाडा असो, थंडी असो, पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत असो. लहानपणापासून मला ही घरची सवय वाटत होती. तिचे कारण मी कधी विचारले नव्हते.

कारण ३० सप्टेंबर १९९३ हे होते. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक थकून निजले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली हजारो माणसे झोपेतच गेली. आजीची धाकटी बहीण किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात दिली होती. ती आणि तिची दोन मुले त्यांत गेली. आमचे गाव त्या पट्ट्यापासून दूर, म्हणून घर उभे राहिले. फक्त मागच्या भिंतीला पोट सुटले. त्या दिवसापासून आजी माळवदाखाली निजलेली नाही. दिवसा ती आत स्वयंपाक करते, देवपूजा करते, दळण निवडते. पण अंधार पडला की अंथरूण बाहेर. आणि तरीही, घर पाडायचा विषय कोणी काढला की ती जेवणावरून उठते.

तिच्या या दोन वागण्यांत मला त्या वेळी विसंगती दिसली. आज ती दिसत नाही. ज्या वस्तूवर प्रेम आहे तिच्यापासून धोका असू शकतो, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. मला अनुभव नव्हता, म्हणून माझ्या लेखात नुसते प्रेम होते.

भूकंपात ही घरे का पडली, हे सुटीत मी समजून घेतले. आपल्याकडे एक समज आहे की भिंत जितकी जाड तितकी मजबूत. दगडमातीच्या जाड भिंतीत खरे तर दोन भिंती असतात. एक बाहेरच्या अंगाची आणि एक आतल्या अंगाची. दोन्हींच्या मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली असते. या दोन अंगांना बांधून ठेवणारे लांब आरपार दगड जागोजागी घातलेले असतील तर भिंत एकजीव राहते. ते नसले तर हादऱ्याने दोन्ही अंगे फाकतात आणि भिंत ढासळते. १९९३ साली घरोघर हेच घडले. काही ठिकाणी लाकडी सांगाडा जागेवर उभा होता आणि भोवतीच्या भिंती मात्र माणसांवर आल्या होत्या. वर माळवदाचे ओझे होतेच. दर वर्षी नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, यामुळे थरावर थर चढत जातात. आमच्या माळवदावर दीड फूट माती निघाली. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीचा हिशेब मी वहीवर मांडला. एकशे ऐंशी घनफूट माती. वजन सुमारे आठ टन. ज्या गारव्याचे मी कौतुक लिहिले होते, तो गारवा देणारे आठ टन आमच्या डोक्यावर होते.

दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा घरात तीन मते झाली. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, मत साधे होते. पाडा आणि स्लॅबचे घर बांधा. गावात सगळ्यांनी तेच केले आहे. पुण्याच्या काकांचे मत नेमके उलटे. त्यांना घर जसेच्या तसे हवे होते. खांबांना तेलपाणी करावे, भिंतीवर वारलीची चित्रे काढावीत, अंगणात झोपाळा टांगावा, म्हणजे शनिवार-रविवार मित्रांना घेऊन येता येईल. आमच्याकडे वारली चित्रे कधी नव्हती, ती ठाणे-पालघरकडची, हे मी त्यांना सांगितले. पण त्याने त्यांच्या उत्साहात फरक पडला नाही. तिसरे मत आजीचे. ते तिने बोलून दाखवले नाही. घर पाडू नका आणि मला त्यात निजवू नका, एवढेच तिच्या वागण्यावरून कळत होते.

मला वाटते, आज मराठवाड्यातल्याच नव्हे, तर महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांतल्या जुन्या घरांसमोर हाच तिढा आहे. एक जण ते पाडायला निघालेला असतो, दुसरा त्याचे प्रदर्शन करायला निघालेला असतो आणि त्यात राहणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. सरकारी भाषेतही घरांची विभागणी बहुधा कच्ची आणि पक्की अशीच. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य ठरले आणि घराचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर ठरले. ज्याच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्याच्यासाठी ही मदत फार मोलाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण योजनेचा सारा भर नवे घर उभे करण्यावर आहे. जुने घर नीट करून त्यात निर्धास्तपणे राहता येते, ही गोष्ट गावात कोणाच्या गावीच नसते. पाडणे हाच सुधारलेपणा आणि न पाडणे हा मागासलेपणा, असे समीकरण होऊन बसले आहे.

स्लॅबच्या घराविरुद्ध माझी तक्रार नाही. नीट सळई, नीट पाया, नीट पाणी मारलेले काँक्रीट असेल तर ते सुरक्षित असते. पण आमच्या गल्लीतली नवी घरे मी पाहिली आहेत. मिस्त्री सांगेल तितकीच सळई आणि टँकरचे पाणी महाग म्हणून स्लॅबला दोनच दिवस पाणी. वर सिमेंट आहे म्हणून त्याला पक्के म्हणायचे. आणि एप्रिल-मेमध्ये त्या घरातली माणसे दुपारभर कुठे असतात म्हणाल, तर आमच्या माजघरात!

शेवटी दुरुस्तीचा निर्णय झाला तो एका म्हाताऱ्या गवंड्यामुळे. वडार समाजातले हे मामा भूकंपानंतरच्या वर्षांत घरांच्या मजबुतीकरणाच्या कामावर होते. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, पोट सुटलेल्या जागी लोखंडी पहार ठोकून आवाज ऐकला आणि दादांना म्हणाले, "मालक, घराला रोग हाय, पर मरायला टेकलं न्हाई. वरचं वझं उतरा आन् भिंतीला आतून टाका घाला. मग बघा."

काम असे झाले. पहिले तीन आठवडे नुसती माती उतरवण्यात गेले. घमेली, टोपल्या, शिडी आणि आमची हातांची रांग. किलचांचा कुजका थर काढला. वाळवी लागलेल्या दोन तुळया बदलल्या. बाकीच्या सुताराने तासून पाहिल्या तर आतून लाल, निकोप. खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या प्रत्येक कोपऱ्यात तिरपे लाकडी आधार ठोकले, म्हणजे सांगाडा हलला तरी मोडायला नको. मागची पोट सुटलेली भिंत उतरवून पुन्हा बांधली आणि या वेळी आरपार दगड मोजून घातले. बाकीच्या भिंतींत तीन-तीन फुटांवर आरपार भोके पाडली. त्यांत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले. भिंतींच्या वरच्या अंगाला सगळीकडून जाळी आणि सिमेंटचा एक सलग पट्टा फिरवला. मग माळवद पुन्हा घातले, पण आता माती वीतभरच, आणि तिच्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद. त्यामुळे गळती थांबवायला वर माती टाकत राहण्याची गरज उरली नाही.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा, असे दादांचे फार मन होते. मामांनी तो पट्ट्यापुरताच करू दिला. मातीच्या भिंतीत ओल येते आणि वाळते; वरून सिमेंट थापले की ती आतच कोंडते, आणि दोन-चार वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून बाकी सगळीकडे माती, भुसा आणि शेण यांचा गिलावा आणि वर चुना. एकूण खर्च नव्या घराच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आतच राहिला. हा आकडा ऐकल्यावर दादांचे मत पुष्कळ मवाळ झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते!

आता रोजच्या जगण्याविषयी. खेड्यातल्या जीवनाचा आनंद म्हणजे काय, हा प्रश्न मला त्या अडीच महिन्यांत नव्याने पडला. आनंद होता, नाही असे नाही. सकाळी सवण्यातून पडणारा उजेडाचा चौकोन भिंतीवरून सरकत चुलीपाशी आला की आजी भाकरी थापायला बसे. घड्याळ कोणी पाहत नसे. दुपारी कामावरची माणसे आणि आम्ही एका पंगतीत ओसरीवर ठेचा-भाकरी खायचो. संध्याकाळी उतरवलेल्या मातीच्या ढिगावर गल्लीतली पोरे किल्ला करत. म्हाताऱ्या बायका येऊन 'ह्या बळदात बहात्तरच्या दुष्काळात दाणा नव्हता' असे सांगत. १९७२ च्या त्या दुष्काळात आजी रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती, हेही मला त्याच ढिगापाशी कळले. इतकी वर्षे सुटीत येऊन जी ओळख झाली नव्हती, ती हातात घमेले घेतल्यावर झाली. काकांचे कुटुंब मध्ये दोन दिवस आले, भरपूर फोटो काढले, पिठले-भाकरीला वाहवा म्हणाले आणि निघून गेले. त्यांना आनंद झाला नाही असे मी म्हणणार नाही. पण तो पाहुण्याचा आनंद होता. पाहुण्याला गाव छान दिसते, कारण त्याला तिथे पाणी भरावे लागत नाही.

पाण्याचे सांगायलाच हवे. २०१६ साली लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते, हे आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातल्या बायका पहाटे तीनला उठतात. चिखल कालवायला लागणारे पाणी आम्ही शेतातल्या बोअरचे, बैलगाडीवर पिंप ठेवून आणले.

आणि सारवणाचे. माझ्या जुन्या लेखात 'शेणाने सारवलेल्या जमिनीचा सुगंध' असे एक वाक्य होते. आता ते वाक्य माझ्या आईने वाचले असते तर काय म्हणाली असती? ती लग्न होऊन आल्यापासून दर आठ दिवसांनी ते माजघर ओणव्याने सारवत आली आहे. तिची कंबर चाळिशीतच गेली. दुरुस्तीच्या वेळी जमीन कशी ठेवायची, असा प्रश्न निघाला तेव्हा काका फोनवरून म्हणाले, मातीचीच ठेवा, तिची मजा वेगळी. आई कधी नव्हे ती पुढे झाली आणि म्हणाली, "फरशी घाला." शहाबादी फरशी घातली. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत योग्य निर्णय तोच. जुन्या घराचा जो भाग कोणाची तरी कंबर मोडून सुंदर राहतो, तो बदललाच पाहिजे. न्हाणीला दार आणि परसात पक्का संडास, हे दोन निर्णयही आईचेच. आजीने विरोध केला नाही.

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथल्या कुटीच्या साधेपणाविषयी आपण पुष्कळ लिहितो. पण त्या आश्रमात झाडलोट आणि संडाससफाई ही सर्वांच्या वाट्याची कामे होती, हे लिहायचे विसरतो. खेड्याकडे चला या हाकेचा अर्थ खेड्याचे काम वाटून घ्या असा मी लावते. काम न वाटता नुसते कौतुक वाटणे फार सोपे आहे, आणि आमच्यासारख्या शिकलेल्या मुलामुलींना ते सोपेच आवडते.

एक खंत मात्र राहिली. काम संपल्यावर घरभरणी केली, तेव्हा मामांना आहेर देण्यासाठी मी दादांबरोबर त्यांच्या घरी गेले. गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली. भिंतीही पत्र्याच्याच. ज्यांनी आमच्या भिंतीतला एकेक आरपार दगड हाताने बसवला, त्यांच्या घराला दगडाची भिंतच नव्हती. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात तेच हसून म्हणाले, "हितं भूकंपाचं भ्याव न्हाई बघा." त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. गावातल्या जुन्या घरांच्या वैभवावर लिहिताना ती कोणी बांधली आणि बांधणारे कुठे राहिले, हा प्रश्न टाळता येणार नाही, एवढे मात्र त्या दिवशी पटले.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे अशी घरे असतील. कुणाची माळवदाची, कुणाची कौलारू. त्यांतली काही पाडावीच लागतील. पण पाडण्यापूर्वी जाणत्या गवंड्याचा हात एकदा भिंतीवरून फिरू द्या. आणि न पाडता ठेवणार असाल, तर ते घर रोज कोण सारवणार, पाणी कोण भरणार आणि आत कोण निजणार, हे आधी त्या घरातल्या बायकांना विचारा. आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा वर्गात सांगितले होते, की वास्तू जपायची तर आधी तिच्यातला धोका ओळखता आला पाहिजे. तेव्हा ते वाक्य मी परीक्षेसाठी उतरून घेतले होते.

पाऊस लागला त्या आठवड्यात मी महाविद्यालयात परत यायला निघाले. आदल्या रात्री जोराची सर आली. माळवद कुठे गळते का, म्हणून दादा कंदील घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते. वीज गेली होती. कुठेही थेंब नव्हता. मी माजघरात अंथरूण घातले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या छपराखाली निजले. मध्यरात्री जाग आली तेव्हा आजीची खाट शेडमध्ये नव्हती. ती तिने ओसरीवर आणून टाकली होती, दाराच्या अगदी कडेला, पाय अंगणाकडे करून. माजघरात ती अजून आलेली नाही. मी आग्रह केला नाही. बत्तीस वर्षांत ती एवढी आत आली, हेही काही थोडे नाही.